दप्तरी दाखल

न्हाई न्हाई, सिलेंडर रिकामा न्हाई, हलवून बघा हवं तर — भरलेला हाय. वर्षभर भरलेलाच हाय तो, कारण वापरतंय कोण? मी. आणि मी चुलीवर तापवतो पाणी. रेग्युलेटर बघा, बसतोय ना नीट? वास न्हाई ना? झालं तर मग. म्हणजे सिलेंडर निर्दोष सुटला. आता नळी बघा, नळीनंतर पाण्याचा दाब — घाई करू नका बद्रीनाथ मिस्त्री, चौकशी कशी रीतीनं झाली पाहिजे, एकेक साक्षीदार. मी चौतीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या हापिसात आवक-जावकच्या टेबलाला होतो. आमच्याकडं धरण फुटलं असतं तरी आधी फुटल्याचं पत्र आवकला चढलं असतं, त्याला नंबर पडला असता, मग पाणी पुढं गेलं असतं. हसा की. या घरात हसायला बंदी न्हाई. मयताचं घर असलं तरी आता वर्ष होत आलं — येत्या रविवारी होतंय.

तुमच्या आधी दोघं येऊन गेले, अंगदनं सांगितलं असेल फोनवर. माझा मुलगा हो, पुण्यात असतो, तुमाला ज्यानं धाडलं तो. पहिला आला त्यानं जाळीतला क्षार काढला, दुसऱ्यानं आतला रबरी पडदा बदलला, दोघांनी चहा पिला, दोघं घाट उतरून बीडला गेले, आणि गीझर काय पेटला न्हाई. नळ सोडला की पाणी येतं, पण ती टकटक होत न्हाई — ठिणगीची हो, टक् टक् टक् आणि मग भप्प — ती होतच न्हाई. सोडा नळ. सोडा, सोडा. काय ऐकलं? पाण्याचा आवाज. बस्स. आता तुमी एवढंच करा, तुमच्या त्या पावतीपुस्तकात लिहून द्या की सदर गीझर तपासला, दुरुस्तीस योग्य नाही, निर्लेखित करण्यात यावा. निर्लेखित म्हणजे हो — बाद. मोडीत. आमच्याकडं खुर्चीचा एक पाय गेला की ती निर्लेखित व्हायची, साहेबाचे दोन्ही गेले तरी चालायचं. शब्द अवघड वाटत असला तर मजकूर मी सांगतो, तुमी नुसती सही करा.

कावून म्हणजे? कावून काय, बिघडलाय म्हणून. — हां, आधी बघायचं म्हणता. बघा बापडे. न्हाई, तो सेलचा डबा राहू द्या. सेल नवे हायत. मागच्याच महिन्यात टाकले मी, माझ्या हातानं, दोन मोठे सेल, त्यात बघण्यासारखं काय न्हाई. पाण्याचा दाब बघा तुमी. टाकी गच्चीवर हाय, उंची कमी पडत असेल. न्हाई पडत? बरं. मग वरचं झाकण उघडा. स्क्रू या वाटीत ठेवा, खाली पडला की मोरीच्या भोकातून थेट नाल्यात.

काय हाय ना, रविवारी दोन वर्षश्राद्धं हायत एकदम. थोरले बंधू बबनराव, शेजारच्याच घरातले — हे काय, भिंतीला भिंत — आणि आमच्या घरातली, सत्यशीला. माझी बायको. एकाच दिवशी गेले दोघं. सकाळी ते, दुपारी ही. लोक म्हणतात कसला योग, मी म्हणतो योग कसला, मंडप एकच लागला. सगळी भावकी जमणार रविवारी. अंगद शनिवारी येतोय, सूनबाई येतीय, योगिता, आणि नात, सहा वर्षांची. तर अंगदचं एकच टुमणं — दादा, गीझर चालू पाहिजे, पोरगी चुलीच्या धुरात न्हाई आंघोळ करणार. मी म्हणलं, तू केली की, अठरा वर्षं केली, काय झालं तुला? तर म्हणतो, दादा, तसं न्हाई, तो मी आईला घेऊन दिलता, तिनं वापरलेली शेवटची वस्तू हाय ती, ती बंद पडलेली मला बघवत न्हाई. आता याच्यावर काय बोलणार? वस्तूला जीव लावला की माणसाचं डोकं चालत न्हाई. मी दोन महिने सांगतोय, बिघडलाय, होत न्हाई, काढून टाकतो. तो मिस्त्री धाडतोय. एक झाला, दोन झाले, आता तुमी. म्हणून म्हणलं लेखी द्या. तोंडी त्याला पटत न्हाई, माझ्यावरच गेलाय.

काय झालं? काय दिसतंय? काजळी. असेल की. आगीचं यंत्र हाय, काजळी धरणारच. — तसं नसतं म्हणता? ज्योत निळी असली की काजळी धरत न्हाई. हवा कमी पडली, ज्योत पिवळी झाली की धरती. आणि ही लई हाय म्हणता, वर्षभरातबी एवढी धरत न्हाई. न्हाईच, वर्षभराची कशी असेल, दीड महिना चालला फक्त हा. दिवाळीला आला, डिसेंबरात बंद पडला. दीड महिन्यात एवढी काजळी, हां. तुमी हुशार माणूस मिस्त्री. आधीच्या दोघांना वर बघायचं सुचलं न्हाई.

तुमी कावून वर बघताय?

झरोकाच हाय तो. उघडा तर हाय — ऊन येतंय आत, दिसत न्हाई? कडेनं चिकटपट्टीचे डाग हायत, हां. हायत. ते जुने हायत. थंडीसाठी लावलं होतं कायतरी. आमचं हे मांजरसुंबा म्हणजे घाटमाथा, डिसेंबरात वारं असं येतं की केस असलेल्या माणसालासुद्धा टोपी लागती, माझं तर बघताच तुमी. आंघोळीला बसलं की त्या झरोक्यातून सुरी फिरवल्यागत वारं टाळूवरनं जायचं. तर मी आपलं घरात जुनी फाईलची कव्हरं होती, पुठ्ठ्याची, रिटायर होताना आणलेली — चोरलेली न्हाई हो, बाद झालेली — चार कव्हरं एकावर एक, गव्हाच्या खळीनं चिकटवली, मापात कापली, कडेनं तांबडी चिकटपट्टी मारली. अर्ध्या दिवसाचं काम. काय चोख झालतं सांगू, मुंगी जायला जागा न्हाई. माझ्या सबंध नोकरीत वेळेत आणि पक्कं झालेलं तेवढं एकच काम, आणि तेसुद्धा पेन्शनीत.

स्टिकर? वाचलाय की. हा काय, अजून चिकटलेला हाय, 'हवा खेळती ठेवावी'. आयुष्यभर दुसऱ्यांना परिपत्रकं वाचून दाखवली मी, मला काय सांगता. परिपत्रक हे खालच्यानं पाळायचं असतं, काढणाऱ्यानं आणि वाचून दाखवणाऱ्यानं न्हाई, हा सगळ्या हापिसांचा कायदा हाय. आणि तुमाला खरं सांगतो, इथं न्हाणीत कोण मरतं, हे असलं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात होतं, असं वाटायचं. म्हणजे — वाटायचं म्हणजे, तेव्हा मला कायबी वाटत नव्हतं. नंतर वाचलं. पेपरात आलतं, कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात नवराबायको दोघं न्हाणीत गेले, गॅसचा गीझर, खिडकी बंद. वास येत न्हाई, डोळे चुरचुरत न्हाईत, माणसाला फक्त झोप आल्यासारखं होतं. आणि त्यात लिहिलतं की असल्या माणसाचं तोंड गुलाबी दिसतं मेल्यावर. ताजं. ते कात्रण हाय माझ्याकडं. कापून ठेवलंय.

बसा तुमी. त्या बादलीवर बसा, पालथी घाला.

सत्यशीलेला बाहेर आणली तेव्हा बायका म्हणत होत्या, कसं तेज हाय बघा तोंडावर, सवाष्ण गेली, भाग्याची गेली. चाळीस वर्षांत त्यांना ते तेज दिसलं न्हाई, उन्हानं रापलेली बाई, आणि त्या दिवशी गुलाबी. डॉक्टर आले गावातले, नाडी बघितली, म्हणले, दीर गेल्याचा धक्का, हार्टफेल. कागदावर काय लिहिलं तर हृदयक्रिया बंद पडल्यामुळे मृत्यू. आता हृदयक्रिया कुणाची बंद पडत न्हाई सांगा मला? मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांची शेवटी तीच बंद पडती. पण कागदावर आलं की झालं. मी त्याच टेबलावर आयुष्य काढलंय, कागदावर आलेलं खोडायचं नसतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी गप.

मी गप, आणि अंगद काय म्हणाला माहितीये? माझ्या गळ्यात पडून म्हणाला, दादा, मी तिला पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढायला पाहिजे होता, चार वेळा म्हणालो आणि चार वेळा राहिलं. अजून तेच म्हणतो. दर तीन महिन्याला स्वतःच्या छातीला तारा लावून घेतो, आईकडनं आलं असेल म्हणतो. मागच्या महिन्यात पोरीला नेलं. सहा वर्षांच्या पोरीच्या छातीला तारा लावल्या, मला फोटो धाडला, पोरगी हसतीय त्याच्यात, तिला वाटलं खेळ हाय. मी बघितला फोटो. मोठा करून बघितला. आणि काय लिहिलं उत्तरात? 'छान. काळजी घ्या.'

न्हाई, ऐका आता. सुरू झालंय तर ऐका. त्या दिवसाचं सांगतो, म्हणजे तुमाला काजळीचा हिशेब लागेल. सकाळी बंधूंना नेलं. आमच्याकडं रीत अशी की मसणवट्यातनं आलं की डोक्यावरनं आंघोळ केल्याशिवाय घरात पाय न्हाई ठेवायचा. पूर्वी अंगणात चुलीवर हंडे चढायचे, उघड्यावर, सगळे तिथंच ओतून घ्यायचे अंगावर, कुडकुडत. पण त्या दिवशी मीच म्हणलं — मीच — अरे आता गीझर हाय आपल्याकडं, कशाला कुडकुडता, रांग लावा. मिरवायचं असतं ना माणसाला, भाऊ मेला त्या दिवशीसुद्धा मिरवायचं असतं. रांग लागली. अकरा जण. एक निघाला की दुसरा, नळ बंद न्हाई की गीझर बंद न्हाई, सव्वा तास भर्र भर्र चालू. दार उघडायचं आणि लगेच लागायचं, थंडी ना. सातवा-आठवा विजयसिंह गेला, बंधूंचा मुलगा, चांगला पैलवान गडी हाय, सरपंच हाय इथला, तुमी नाव ऐकलं असेल. तो बाहेर आला भिंतीला धरून. म्हणाला, काका, डोकं लई जड झालंय. मी काय म्हणलं? मी म्हणलं, बाप गेलाय लेका, हलकं कसं होईल. चार माणसांनी माना डोलावल्या. कुणाला वाटलं काय बोलला म्हातारा, जीवनाचा अर्थ सांगितला. माझं हेच, मिस्त्री. मला वेळेवर उत्तर सुचतं. कायम सुचतं.

आणि शेवटी ती. बाई शेवटी. सगळ्यांना टॉवेल दिले, सगळ्यांच्या पायावर पाणी घातलं, चहा टाकला, मग गेली. तिला डोक्यावरनं न्हायचं होतं, केस लांब, म्हणजे अर्धा तास धरा. आणि बाई माणूस, कडी पक्की लावणार. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलतो. आतनं भर्र आवाज येतोय, पाणी पडतंय. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी बसल्या जागेवरनं ओरडलो, अगं, सगळं गाव न्हालं, तू काय आत सप्ताह मांडलास का? उत्तर न्हाई. मी म्हणलं रुसली. पान उलटलं. अग्रलेख वाचला. अग्रलेख कशावर होता तेसुद्धा सांगू शकतो, जाऊ द्या. वीस मिनिटं. वीस मिनिटं मी अग्रलेख वाचला.

कडी पहारीनं काढली. एकट्यानं. आत वाफ, काय दिसत न्हाई, ती त्या कोपऱ्यात, जिथं तुमची पिशवी हाय ना — हां तिथं, न्हाई उचलू नका, राहू द्या — तिथं टेकून बसलेली. केस ओले. मी नळ बंद केला, गीझर विझला. मग मी काय केलं? सांगा. तुमी असता तर काय केलं असतं? बाईला बाहेर ओढलं असतं. कुणीबी ओढलं असतं. मी पाटावर चढलो आणि झरोक्याचा पुठ्ठा काढला. नखं घालून, ओढून, चारी कव्हरं एकदम. हवेसाठी काढला. आत हवा यायला पाहिजे म्हणून काढला, बरोबर हाय का न्हाई? वर्षभर मी स्वतःला हेच सांगतोय की हवेसाठी काढला. आणि मग तिला ओढलं, आणि मग हाका मारल्या, या क्रमानं. विजयसिंह धावत आला तेव्हा ती ओसरीत होती आणि मी तिच्यापाशी बसलेलो आणि पुठ्ठा माझ्या बगलेत. फाईल धरतात तसा. तो काय म्हणला असेल मनात, म्हातारा आतासुद्धा कुठली फाईल घेऊन बसलाय. अंगणात शेकोटी होती, लोक शेकत होते. लोकांनी तिला उचललं, मी उठलो आणि पुठ्ठा शेकोटीत टाकला. खळ असल्यामुळं भडकला चांगला. एक जण हात पुढं करून शेकलासुद्धा.

आता हवेसाठी काढला, तर जाळला कावून? हां? बोला ना, हुशार माणूस तुमी. मलाबी येत न्हाई उत्तर याचं. एवढं एकच येत न्हाई.

म्हणून म्हणतो, लिहून द्या. रविवारी पुन्हा श्राद्धाला रांग लागणार, तीच माणसं, तीच थंडी, अंगद म्हणणार गीझर लावा, कुणीतरी दार लावणार, कुणीतरी म्हणणार झरोक्यातनं वारं येतंय, एक पोतं कोंबा. मी काय पहारा ठेवू? आणि पोरगी. तिचं वजन किती, सतरा किलो. मी न्हाई म्हणलं तर विचारतील कावून. 'कावून'ला उत्तर द्यावं लागेल. म्हणून मिस्त्रीचा कागद पाहिजे. मिस्त्रीचा कागद असला की कावून कुणी विचारत न्हाई. यंत्र गेलं. संपलं. लिहा.

ओ — सेलचा डबा न्हाई म्हणलतं ना मी? बद्रीनाथ, डबा उघडू नका. मिस्त्री! अरे, वयाचा तरी —

उघडला. उघडलात शेवटी. काढा मग. कागद हाय, हां. सेल आणि स्प्रिंगच्या मधी घडी घालून घातलाय, त्यामुळं करंट जात न्हाई, टकटक होत न्हाई. दोघं मिस्त्री इथवर आले न्हाईत, तुमी आलात. मीच घातलाय. तेराव्यानंतर घातला. टाकू नका! खाली ओलं हाय. इकडं — बरं, वाचताय तर वाचा. अक्षर लागतंय का? चौथी शिकलेली होती. लग्नानंतर मी गिरवून घेतलं तिच्याकडनं, संध्याकाळी, पाटीवर. आणि आमचा एक खेळ होता, मिस्त्री. ती काय मागायला लागली की मी म्हणायचो, तोंडी चालणार न्हाई, लेखी अर्ज कर. ती चिठ्ठी लिहायची. 'तेल संपले आहे.' मी तांबड्या शाईनं कोपऱ्यात शेरा मारायचो, 'मंजूर'. 'माहेरी चार दिवस जाणे आहे' — 'दोन दिवस मंजूर'. हसायची. पाहुणे आले की दाखवायची चिठ्ठ्या, आमचं घर म्हणजे हापिस हाय म्हणायची. चाळीस वर्षं चाललं. तिला खरंच गंमत वाटायची का, हे मी कधी लेखी विचारलं न्हाई.

ती पुठ्ठा लावल्यापासनं म्हणत होती, न्हाणीत कसंतरी होतं. मी म्हणलं तुला गरम पाण्याची सवय न्हाई. म्हणली, पेटीच्या — गीझरला पेटी म्हणायची — पेटीच्या आतला जाळ पिवळा दिसतो. मी म्हणलं, शास्त्रज्ञच झालीस की. मग म्हणलं, असं कर, लेखी दे, विचार करू. तिनं दिलं. हे. मला पाठ हाय, द्या इकडं, तुमी वाचू नका. 'न्हाणीतला पुठ्ठा काढावा ही विनंती. आत गुदमरते. काल डोळ्यापुढे अंधारी आली, भिंत धरून बाहेर आले. मला भीती वाटते. सौ. सत्यशीला सुंदरराव.' आणि हा शेरा कोपऱ्यात. तांबडी शाई, माझी सही, तारीख. 'थंडी संपल्यावर पाहू. दप्तरी दाखल.' तारीख बघा. ती गेली त्याच्या चार दिवस आधीची.

पुठ्ठा जाळता आला मला. हा जाळता येईना. ट्रंकेत ठेवला तर ट्रंक उघडली की दिसायचा, खिशात ठेवला तर सदऱ्याबरोबर धुण्याला जायचा. मग म्हणलं, जिथलं प्रकरण तिथंच राहू द्या. आणि तेवढ्यानं गीझरबी बंद राहतो. एका कागदात दोन कामं. क्लार्क माणूस.

काय करताय? बसवू नका सेल. मिस्त्री, बसवू नका ते — नळ सोडू नका, मी सांगतो, नळ —

ऐकलं. हां. हीच टकटक. आणि हा भप्प. निळी हाय का पिवळी? निळी. आज झरोका उघडा हाय ना, म्हणून निळी. काय बिघडलेलं नव्हतंच त्याचं. कधीच नव्हतं, मला माहिती होतं. बंद करा. बंद करा म्हणतो ना! ...आवाज लई ओळखीचा हाय त्याचा.

न्हाई लिहिणार म्हणता तुमी. चालू गीझर बाद कसा लिहू म्हणता. बरोबर हाय. आमच्या हापिसात तुमच्यासारखा एक जरी असता तर — तर त्याची बदली झाली असती, दुसरं काय.

थांबा, फोन वाजतोय. माझाच हाय, तो कोनाड्यातला. द्या. त्याचाच असणार, ह्या वेळेला जेवायला घरी येतो तो.

हां अंगद, बोल. हां, आलेत की मिस्त्री, इथं समोरच हायत. न्हाई रे. न्हाई होत म्हणतायत. मशीनच गेलंय आतलं. हां, मोडीत. त्यांनी बघितलं सगळं, लई हुशार माणूस हाय... काय? नवा? न्हाई न्हाई, नवा कशाला, चार माणसांसाठी — घेतलास? कधी घेतलास? गाडीत ठेवलापण. आणि बसवणार कोण? हेच मिस्त्री, शनिवारी. बरं. आणि पयली आंघोळ — कोण म्हणतंय असं? तीच म्हणती? आज्जीच्या गीझरवर पयली आंघोळ मी करणार म्हणती. शाळा न्हाई का तिला आज? — न्हाई, नको. तिला नको देऊ फोन. मी सांगतो ना, नको देऊ.

अंगद, ऐक. उभा हायस का बसलायस? बस. योगिता हाय का जवळ? असू दे, तीबी ऐकू दे, पोरीला तेवढं दुसऱ्या खोलीत धाड. — धाडली? — तुझ्या छातीला काय झालेलं न्हाई, अंगद. पोरीच्या न्हाई. तुझ्या आईच्यापण नव्हतं. न्हाई, डॉक्टर काय म्हणाले ते राहू दे. तुझ्या आईचा एक अर्ज हाय माझ्याकडं. वर्ष झालं. मी वाचून दाखवतो, तू मधी बोलू नको, मला मधी कुणी बोललं की उत्तर सुचतं. जरा थांब, फोन ठेवू नको.

बद्रीनाथ मिस्त्री, तुमी निघा आता. पिशवी घ्या. न्हाई, पावती नको. आणि दार ओढून घेऊ नका जाताना. उघडंच राहू द्या.